रविवारी मिस्सा, नोटिसा, घरी मटण... यात कुणाला काही ॲडव्हेंचर सापडलंय का? सिरीयसली विचारतोय

विरार_फास्ट:

जय ख्रिस्त मंडळी. खूप महिने नुसता वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. वय ३१, वसईचा, पॅरिश कुठली ते सांगत नाही कारण इथले निम्मे ओळखीचे निघतील आणि संध्याकाळपर्यंत मम्मीला कळेल.

तर माझा एक मित्र मागच्या महिन्यात स्पेनला जाऊन आला, कॅमिनो केलं त्याने, म्हणजे सान्तियागोच्या चर्चपर्यंतची पायी यात्रा. अख्खं नाही, अख्खं म्हणजे जवळपास ८०० किमी होतं, त्याने सारिया गावापासूनचं शेवटचं ११५ वगैरे केलं, शेवटचे १०० पायी चालले की सर्टिफिकेट देतात. पायाला फोड, पाऊस, अनोळखी लोकांबरोबर एका हॉलमध्ये झोपायचं, आणि शेवटी सान्तियागोच्या चर्चसमोर पोचल्यावर हा रडला म्हणे. रडणाऱ्यातला नाहीये तो. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा शिरलाय.

आणि मग रविवारी मी आमच्या चर्चला जातो. साडेसातची मिस्सा. माईक सुरू झाला की आधी कुंईईई. फादर माणूस चांगला आहे पण प्रवचनात दर तिसऱ्या आठवड्याला मोबाईल आणि तरुण पिढी येतेच. माझ्या मागच्या बाकावर एक काकी असतात, त्या प्रत्येक गाणं सगळ्यांच्या अर्धी ओळ मागून आणि सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत गातात, म्हणजे आमचं संपलं तरी त्यांचं शिल्लक असतं. मग नोटिसा. छपराचा निधी, लग्न ठरलेल्यांची नावं, अमक्या झोनने हॉल झाडायचाय, गेटसमोर गाड्या लावू नका. नोटिसांना मी मनात पाचवं शुभवर्तमान म्हणतो. मग बाहेर येऊन हाय हॅलो, पाव, मटण, झोप.

त्यात आता सामान्य काळ चालूए, म्हणजे चर्चच्या वर्षातला नाताळ-ईस्टरचे काळ सोडून उरलेला. फादरचा हिरवा झगा. वर्षातले ३३-३४ आठवडे हाच. नाव पण काय ठेवलंय बघा, सामान्य काळ.

लहानपणी संडे स्कूलला संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगायचे. आपल्या वसईचा मुलगा, जपानपर्यंत गेला, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला. मला वाटायचं ख्रिस्ती असणं म्हणजे असं काहीतरी असणार. मोठं झाल्यावर हातात काय आलं, तर सणाच्या दिवशी पार्किंगची शिट्टी.

देवावर राग वगैरे काही नाही, विश्वास आहे. मध्ये एका फेलोशिपला पण जाऊन आलो, तिथे ड्रम, हात वर, तीन रविवार भारी वाटलं, चौथ्या रविवारी तिथेही नोटिसा सुरू झाल्या.

तर प्रश्न असा की पॅरिशमध्येच राहून, लोकल, ईएमआय, घरचं सगळं सांभाळून, कुणाला असं काही मिळालंय का ज्याच्यासाठी रविवारी स्वतःहून उठावंसं वाटतं? उपदेश नको प्लीज, तो मला फुकट मिळतो. तुमच्याबरोबर खरंच घडलेलं असेल तर लिहा.

राजेळी_केळी:

सान्तियागो म्हणजे सेंट जेम्सच ना? त्याच्यासाठी स्पेन कशाला रे, आमच्या आगाशीचं चर्च पण सेंट जेम्सचंच आहे. विरार वेस्टला उतर, बस पकड. फोड पाहिजे असतील तर चालत ये. सर्टिफिकेट नाही मिळणार, सुकेळी देतो.

उत्तनचा_म्हातारा:

बाळा, वय ६३ माझं म्हणून बाळा म्हणतो, राग मानू नको. मी उत्तनकडचा, कोळी. बारा वर्षं झाली, मिस्सेनंतर कलेक्शन मोजायला बसतो. चौघं असतो आम्ही. एक बँकेतून रिटायर झालेला, एक शाळेतली टीचर, मी, आणि चौथा बदलता, कारण चौथा टिकत नाही.

वेदीच्या मागच्या खोलीत लांब टेबल आहे, त्याच्यावर जुनी चादर टाकायची म्हणजे चिल्लर घरंगळत नाही, आणि थैल्या उलट्या करायच्या. आमच्या नोटांना बोंबलाचा वास येतो. बायका बाजारातनं येतात, कमरेच्या पिशवीतल्या ओल्या नोटा तशाच थैलीत पडतात. दहाच्या विसाच्या नोटा एकमेकीला चिकटलेल्या, ओढल्या तर फाटतात, म्हणून आम्ही त्या चादरीवर पसरून वर पंखा लावतो, वलांडीवर बोंबील घालतात तशा. जून-जुलैला मासेमारी बंद, ते दोन महिने नोटा कोरड्या येतात. कोरड्या आणि कमी, चिल्लर वाढते. ऑगस्टात होड्या गेल्या की दोन-तीन रविवारांनी परत वास सुरू. बँकवाला नाक धरतो, मला बरं वाटतं. गावात कोणाचं कसं चाललंय हे त्या टेबलावर जेवढं कळतं तेवढं नाक्यावर बसून कळत नाही. आता दारावर क्यूआर कोड चिकटवलाय, तरुण पोरं त्याच्यावर टाकतात. त्याला वास नाही, त्याचं मला काही कळत नाही.

आता तुझं ॲडव्हेंचर. आमच्याकडे दर रविवारी एक दहाची नोट यायची, समोसा घडीची. तिकोनी, कडा आत खोचलेल्या, उघडायला नख लागायचं. टीचर चिडायची, कोण हा रिकामटेकडा म्हणायची. आम्ही त्या नोटेला समोसाच म्हणायचो. आठ वर्षं एक रविवार चुकला नाही, लॉकडाऊन सोडून, आणि लॉकडाऊननंतर चर्च उघडलं त्या पहिल्या रविवारी थैली उलटी केली तर समोसा वरच. टीचरने टाळी वाजवली होती.

मग एका पावसाळ्यात यायचा बंद झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा. आम्ही मोजायचं सोडून तेच बोलत बसायचो, कारण त्या तीन आठवड्यांत गावात दोन मयती झालेल्या. त्यातला कोणी का? कोण टाकतो ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं, मोजणाऱ्याने तिकडे बघायचं नसतं असं आमचं आपलं ठरलेलं. शेवटी फादरना सांगून आजारी लोकांची यादी घेतली आणि मी आणि बँकवाला संध्याकाळचे घरोघर जायला लागलो, सहज आलो म्हणून. आता कोणाच्या घरात जाऊन समोसा कसा विचारणार? हवापाण्याचं बोलायचं आणि जाताना दहाची नोट टेबलावर दिसते का बघायचं, चोरासारखं. ज्या घरांत तीस वर्षांत पाय ठेवला नव्हता तिथे चहा प्यायलो. एका घरी म्हातारी एकटी, लाइट नाही, मीटर तीन महिन्यांपूर्वी कापून नेलेलं, शेजाऱ्याला पण पत्ता नाही. एका ठिकाणी दोन भाऊ मध्ये भिंत घालून राहतात, एकाकडे घेतला म्हणून दुसऱ्याकडे पण चहा घ्यावा लागला, रात्रभर झोप नाही. समोसा कुठेच नाही.

मग विन्सेंट डी पॉल सोसायटीची, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या चर्चच्या मंडळाची, एरियाची मीटिंग होती, तिथे चहाच्या वेळी मी ही गंमत सांगत होतो तर मीरा रोडच्या बाजूचा एक जण कप तोंडाजवळ नेता नेता थांबला. बोलला, तिकोनी? कडा आत? आमच्याकडे दोन महिन्यांपासून येतेय.

मी तसाच बाहेर आलो आणि टीचरला फोन लावला, जिवंत आहे म्हणून ओरडलो, रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

कोण ते आजपर्यंत माहीत नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेला असेल. की गेली असेल, बाई का पुरुष तेही माहीत नाही. मीरा रोडवाला दर महिन्याला मेसेज टाकतो, समोसा ओके. म्हातारीचं मीटर परत बसलं, त्याला चार महिने लागले, ती गोष्ट वेगळी आणि तिच्यात शिव्या फार आहेत म्हणून इथे लिहीत नाही.

वसईची_मोगरी:

काका, गोष्ट एक नंबर. पण तुमच्या टेबलावर टीचर यायच्या आधी बाई किती होत्या ते पण सांगा. 😀

विरारभाऊ, तुमचा प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण तुम्हाला निदान शिट्टी तरी मिळाली. आम्हाला झाडू. मी सोळा वर्षं वेदीची फुलं करते, शनिवारी संध्याकाळी, दादरला जाणारा मोगरा घरून बाजूला काढून. कुठला फुलदान कुठे ठेवायचा यावरून आम्हा चार बायकांचं जे महाभारत झालंय ते अगेऱ्याच्या, म्हणजे आपल्या कापणीच्या सणाच्या, मिरवणुकीत पण दिसलं, दोघी या बाजूने चालल्या दोघी त्या बाजूने. कमिट्या होतात, निर्णय होतात, आम्हाला कळतं ते नोटिसांमध्येच, त्यामुळे तुमचं पाचवं शुभवर्तमान मला ऐकावंच लागतं. सगळं गोड गोड आहे असं मी म्हणणार नाही, राग आहे आणि तो फादरना पण माहीत आहे.

तरी सोडत का नाही ते सांगते. आई गेली तेव्हा पहाटेचे तीन. भाऊ डॉक्टरच्या सर्टिफिकेटसाठी गेलेला, मी कपाट उघडून उभी. आईला कुठलं लुगडं नेसवायचं ते मला ठरवता येईना, हात चालेना. तेवढ्यात त्याच दोघी आल्या, फुलदानवाल्या, ज्यांच्याशी मी पाच महिने बोलत नव्हते. एकीने सरळ कपाटात हात घालून खालच्या थप्पीतून लाल लुगडं काढलं, म्हणाली हे, हे ती सणाला नेसायची. वीस वर्षं आईच्या मागच्या बाकावर बसून तिने आईची पाठ बघितली होती. मला लेक असून माहीत नव्हतं, मी कॉयरमध्ये असायचे ना, वर माळ्यावर. तिने काठ सुद्धा बरोबर काढला, कुठला बाहेर ठेवायचा तो.

फुलदानाचा वाद अजून मिटलेला नाही.

सेमिनरी_अर्धवट:

दोन वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिकवतात तिथे, काढून परत आलेला माणूस आहे मी, त्यामुळे माझं फार मनावर घेऊ नका, पण त्या अर्धी ओळ मागून गाणाऱ्या काकींवरून मला छोटी तेरेजा आठवली. फ्रान्समधल्या लिसियोची संत. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी १८९७ ला क्षयाने मेली, मधल्या काळात मठाच्या भिंतीबाहेर पाय नाही. आणि १९२७ मध्ये पोपने तिला मिशनकार्याची आश्रयदाती केलं, कोणाच्या जोडीला, तर फ्रान्सिस झेवियरच्या! म्हणजे एकीकडे गोवा, मलाक्का, जपान पालथं घालणारा माणूस आणि दुसरीकडे ही कपडे धुणारी पोरगी, दोघांची पोस्ट एकच.

तर तिच्या मागे प्रार्थनेला एक सिस्टर बसायची, ती सारखा कसला तरी बारीक आवाज करायची, शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा. तेरेजाने लिहून ठेवलंय की वळून बघावंसं वाटायचं, अक्षरशः घाम फुटायचा. मग तिने ठरवलं की हा आवाज टाळायचा नाही, तो नीट लक्ष देऊन ऐकायचा, जणू कॉन्सर्ट चालू आहे, आणि ती कॉन्सर्ट येशूला द्यायची. मला सेमिनरीत हे वाचून आधी वाटलं काय हा वेडेपणा. मग माझ्या बाजूच्या खाटेवरचा पोरगा घोरायला लागला. दोन वर्षं. मला नाही जमलं, खरं सांगतो.

आणि गोन्सालोबद्दल एक. तो जपानला फादर म्हणून गेलाच नव्हता, फादर झालाच नाही कधी. आधी व्यापार करायचा, नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि परत जपानला गेला तो दुभाष्या म्हणून, कारण त्याला तिकडची भाषा यायची. म्हणजे रोजचं काम काय, एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावायचं. शिट्टी आणि दुभाष्या यात फार फरक नाहीये भाऊ.

विरार_फास्ट:

@उत्तनचा_म्हातारा काका मी ही गोष्ट लोकलमध्ये वाचली आणि नालासोपाऱ्याला उतरायचं काम होतं ते विसरून विरारला गेलो. @वसईची_मोगरी ताई सॉरी, शिट्टीबद्दल तक्रार मागे घेतो.

पण एक शंका आहे, हे सगळं वाचायला भारी वाटतं कारण तुम्ही बारा वर्षांतलं, सोळा वर्षांतलं एक सांगताय. बाकीचे पाचशे-सहाशे रविवार? तेव्हा काय होतं?

उत्तनचा_म्हातारा:

तेव्हा नोटा मोजतो.

नगरी_भजन:

मी कॅथलिक नाही, नगरकडचा, आमची मंडळी प्रोटेस्टंट, मिशनच्या काळापासूनची. तुमचा हिरवा झगा, सामान्य काळ वगैरे आमच्याकडे कोणी बोलत नाही पण कंटाळा सेम टू सेम आहे, तो दोन्हीकडे एकाच कंपनीचा येतो. आमच्यात नोटिसांना सूचना म्हणतात आणि त्या उपासनेच्या मध्येच असतात, त्यामुळे पळून पण जाता येत नाही.

ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि त्या माणसाने आम्हाला अभंग, भजन, कीर्तन दिलं, नाहीतर आम्ही अजून विलायती चालीच गात बसलो असतो. आमच्या मंडळीत भजनाला पेटी माझ्याकडे असते. पण मला सांगायचंय ते कापणीच्या सणाचं. त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं काय असेल ते घेऊन येतात, ज्वारी, भोपळा, कोंबडी, शेवग्याच्या शेंगा, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. मी लिलाव पुकारतो, गेली नऊ वर्षं, कारण माझा आवाज मोठा आणि लाज कमी.

एके वर्षी एक सात-आठ वर्षांची पोरगी एक अंडं घेऊन आली. एक. रुमालात गुंडाळून, दोन्ही हातात धरून, चार किलोमीटर चालत, कारण हातात अंडं असताना तिला बापाच्या गाडीवर बसायची भीती वाटली. बाप मागून फर्स्ट गिअरमध्ये. मी पुकारलं, पाच रुपये. कोणीतरी वीस म्हटलं, कोणीतरी पन्नास, शेवटी पाचशेला गेलं. ज्याने घेतलं त्याने ते परत टेबलावर ठेवलं, म्हणाला पुन्हा पुकार. दुसऱ्याने तीनशेला घेतलं, त्यानेही परत ठेवलं. असं सहा वेळा. दुपारचे दीड वाजले, बायका जेवणं गार होतायत म्हणून ओरडायला लागल्या, माझा घसा बसला, आणि ती पोरगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून अंड्याकडे बघत उभी, प्रत्येक वेळी कोणी उचललं की तिचा श्वास अडकायचा, फुटतंय की काय. सातव्या वेळी खजिनदारच म्हणाले आता पुरे, ते अंडं लेकराला परत द्या.

तिने घेतलं नाही. दिलेलं परत घेत नाहीत म्हणाली. मग ते माझ्या घरी आलं, बायकोने विचारलं काय करायचं याचं, उकडायला कोणाचा हात होईना, चार दिवस फ्रीजमध्ये तसंच. पाचव्या दिवशी आईने कोणाला न विचारता भुर्जी केली. तिला बॅकग्राऊंड माहीत नव्हतं.

दुबईहून_थोडक्यात:

मी पण वसईचीच. इथे सेंट मेरीजला येते. २०२२ पर्यंत इथे सुट्टी शुक्रवारी असायची म्हणून आमचा रविवार शुक्रवारी व्हायचा, आता शनिवार-रविवार झालीय. गर्दी एवढी की आवारात, जिन्यावर, पार्किंगमध्ये उभं राहून मिस्सा. इंग्लिश मिस्सेला जाते, सगळं टापटीप, माईक कधी कुंई करत नाही. आणि मला काय आठवतं सांगू, मे महिन्यात आळीतल्या क्रुसासमोर संध्याकाळची लितानी (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना), डास, आणि नंतर कागदाच्या पुडीतले उकडलेले चणे. भाऊ, ते चणे मी तिकडे असताना कधी नीट खाल्ले पण नाहीत, फेकाफेकी करायचो. इथे घरी उकडून बघितले, मीठ बरोबर पडत नाही.

विरार_फास्ट:

अपडेट देतो, कारण तीन जणांनी डीएम करून विचारलं.

एक, आमच्याकडे कलेक्शन मोजायला येऊ का म्हणून विचारलं तर सध्या जागा नाही म्हणाले. वेटिंग लिस्ट आहे म्हणे! उत्तनला चौथा टिकत नाही आणि इथे वेटिंग. काका, तुमच्याकडे भाईंदरवरून बस किती वाजता असते?

दोन, काकी. मी ठरवलं होतं की तेरेजासारखं कॉन्सर्ट म्हणून ऐकायचं. प्रवेशगीताच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत जमलं. मग काहीच सुचेना म्हणून मिस्सेनंतर मागे वळून सरळ बोललोच त्यांच्याशी, पंधरा वर्षं त्या माझ्या मागे बसतात आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मला वाटलं होतं ऐकू कमी येत असेल. तर म्हणाल्या, ऐकू सगळं येतं, तू मिस्सेत मोबाईल बघतोस तो पण मला दिसतो. मग मी घाबरत घाबरत गाण्याचं काढलं. तर म्हणाल्या, मी मागे नाही रे, तुमचं कॉयर पळतंय. त्या लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये होती, नंतर मराठीत आली तेव्हा त्यांच्या फादरांनी ही गाणी त्यांना हळू शिकवली, एकेका शब्दाला थांबून, कारण आपल्या भाषेत देवाशी बोलायची कोणाला सवय नव्हती. "तेव्हा जसं शिकवलं तसं मी गाते. तुम्हाला काय गाडी पकडायचीय?"

मी काय बोलणार, माझं युजरनेम बघा.

या रविवारी त्यांच्या बाकावर जाऊन बसलो आणि त्यांच्या स्पीडने गायलो. फार अवघड आहे, सारखं पुढे पळायला होतं. शेवटच्या गाण्याला कॉयर संपलं, पेटी बंद झाली, फादर आत गेले, आणि आम्ही दोघंच अजून अर्धी ओळ गात होतो. पुढच्या बाकावरच्या अंकलनी वळून जो लुक दिलाय ना मला.